अंगठ्याकडचं काम

(बाकावर होमलाइट एक्सएल-12. कॅमेरा मागच्या मुठीकडे सरकतो.)

ही चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत. मुठीपाशी, अंगठा सहज पोचेल तिथं, एक बटण आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मशीन चालू-बंद करायचं असेल. ते तेलाचं आहे.

ही अमेरिकन करवत 1960च्या दशकातली. नावातला 12 हा पौंडांचा: बार, म्हणजे चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी, आणि चेन वगळून वजन साधारण तेवढं, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. इंजिन हलकं केलं, पण चेनला तेल पाजायचं काम माणसाकडेच राहिलं.

(बारच्या खाचेचा जवळून शॉट.)

चेनला बेअरिंग नसतं. तिच्या पोटाखालचे दाते बारच्या खाचेतून पळतात, लोखंडावर लोखंड घासत. पूर्वीच्या बऱ्याच करवतींत इंजिन आणि चेन यांच्यामध्ये गिअर असत, त्यामुळे चेन सावकाश चाले. मग गिअर गेले. 1959 साली आलेली स्टिल या जर्मन कंपनीची काँट्रा ही करवत अशीच, बिनगिअरची. आता हिशेब करा: 3/8 इंची चेन, तिला ओढणारं सात दात्यांचं चाक (स्प्रॉकेट), मिनिटाला 9000 फेरे. चेनचा वेग होतो सेकंदाला 20 मीटर, ताशी 72 किलोमीटर. एसटी हमरस्त्यावर पळते तेवढा, आणि तोही एका अरुंद खाचेत. जुन्या बारच्या टोकाला बहुधा फिरतं चाक नसे. तिथं चेन नुसती घासत वळायची. तेल कमी पडलं की आधी टोक तापायचं आणि निळं पडायचं.

(बटण दाबणारा अंगठा. शेजारी पंपाचं चित्र.)

बटणामागे एक छोटा दट्ट्या आहे. आपल्याकडचा हापसा आठवा, तीच युक्ती. दाबलं की आतली झडप मिटते, बाहेरची उघडते, तेल बारकडे जातं. सोडलं की स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि टाकीतून पुढचा घोट भरला जातो. कापताना दर काही सेकंदांनी दाबत राहायचं. कठीण, वाळलेलं लाकूड असेल तर जास्त. लांब बार असेल तर आणखी जास्त. चेनचा आवाज बदलला, भुशातून धूर दिसला, की अंगठा आपोआप दाबला जायचा. दुपारी दमलेला माणूस मात्र विसरायचा, आणि त्याची किंमत बार मोजायचा.

तेव्हा हे काम इंजिनाकडे द्यायचं ठरलं. इथं मला सगळ्यात मजेशीर वाटते ती होमलाइटच्या एक्सएल-2सारख्या लहान करवतींतली पद्धत. तिच्यात पंपच नाही!

(क्रँककेसचं चित्र. पिस्टन खाली येतो.)

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली आला की क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, दाब वाढतो, वर गेला की घटतो. क्रँककेस आणि तेलाची टाकी यांच्यामध्ये बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप बसवली. दाब टाकीत जातो, पण परत येत नाही. टाकी फुगलेली राहते आणि तेल आपणहून बारकडे सरकतं. काम थांबवून झाकण सैल केलं की कुकरची शिट्टी उचलल्यासारखा ‘फुस्स’ आवाज येतो. हा दाब काढायलाच हवा. नाहीतर टाकीतला दाब इंजिन बंद झाल्यावरही तेल ढकलत राहतो आणि सकाळी मशीनखाली थारोळं दिसतं. झडपेचं रबर म्हातारं झालं तर उलटा प्रकार: तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि करवत निळसर धुराचे लोट सोडते. पिस्टनच्या रिंगा गेल्या समजून इंजिन उघडणारे पुष्कळ. बिघाड असतो त्या चोचीत.

दुसरी पद्धत वर्म गिअरची, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या गिअरची, आणि तीच पुढे टिकली. वर्म पंपाचा दट्ट्या फिरवतो. दट्ट्यावरची तिरकी खाच त्याला फिरता फिरता मागेपुढेही नेते. काही पंपांना स्क्रू असतो, त्यानं तेल कमी-जास्त करता येतं. वर्म थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, असेल तर इंजिन नुसतं घरघरत असतानाही तेल गळतं. क्लचच्या ड्रमवर असेल तर चेन फिरली तरच.

तरी काही मॉडेलांत ऑटोमॅटिक पंपासोबत अंगठ्याचं बटणही ठेवलं गेलं. मला ते पटतं. खोल कापात, मोठ्या बुंध्यात, पंपाचं ठरलेलं माप पुरत नाही.

आणि ही सगळी उधळपट्टीच आहे. चेनवरून उडालेलं तेल टाकीत परत येत नाही, भुशात आणि मातीत जातं. म्हणून चेनचं तेल चिकट असतं, जमेल तेवढा वेळ धरून राहावं म्हणून. गाडीचं काळं, जळकं तेल ओतणारे असतात. त्यातला धातूचा बारीक चुरा पंपालाच खातो.

(फिकट रंगाचा ओंडका. बारचं टोक त्याच्यापासून थोडं लांब धरलेलं. इंजिनाचा आवाज वाढतो.)

तेल येतंय का, ते असं बघतात. टोक लाकडाला टेकवायचं नाही. रेस द्यायची आणि थांबायचं. ओंडक्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ठीक.

(रेघ उमटत नाही. इंजिन बंद.)

नाही उमटली, तर लगेच पंप खोलू नका. बार काढा. त्याच्या बुडाशी तेलाचं एक लहान भोक असतं, भुशानं गच्च भरलेलं.

(तारेचा तुकडा भोकात शिरतो. काळा, ओला भुसा बाहेर येतो.)