मुंबई बुडाली की तुंबली?

(दृश्य: पहाट, दादर स्टेशनबाहेर पेपरवाला गठ्ठ्याची सुतळी कापतोय. वर निळं प्लॅस्टिक, त्यावर पाऊस.)

रात्रभर कोसळलाय. दादरजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी भरलंय, म्हणजे उद्याचा मथळा ठरल्यासारखाच. फक्त क्रियापद ठरायचं आहे. दर पावसाळ्यात तीन आलटून पालटून दिसतात: 'मुंबई बुडाली', 'मुंबई तुंबली' आणि 'मुंबईची तुंबई'.

बुडाली म्हटलं की नजर आभाळाकडे जाते. एवढा पडला, कोण काय करणार! तुंबली म्हटलं की नजर खाली येते. तुंबतं ते गटार, तुंबतो तो नाला. घरातली मोरी तुंबली तरी पहिला प्रश्न हाच असतो, की साफ करायचं काम कोणाचं होतं? 'तुंबई'वर मात्र माणूस हसतो, आणि हसला की त्याचा राग अर्धा तिथेच ओसरतो. मला हा शब्द पूर्वी फार आवडायचा.

(दृश्य: मिठी नदी, पुलावरून.)

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. हा आकडा वाचला की बोलती बंद होते. तो 'बुडाली'च्या बाजूने साक्ष देतो. आता त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवू. भराव आणि बांधकामांमुळे मिठीचं पात्र अरुंद झालं होतं.

थांबा. 'झालं होतं'? आपोआप? केलं होतं. बघा, निवेदन लिहिता लिहिता मीही करणाऱ्याला वाक्यातून बाहेर काढलं.

(दृश्य: गोरेगावची आरे कॉलनी, झाडांमधून जाणारा रस्ता.)

मराठीत यासाठी फार सोयीचं एक शेपूट आहे: '-ण्यात आले'. नळजोडणी तोडण्यात आली, रस्ता बंद करण्यात आला. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेविषयीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. यावर 'झाडे हटवण्यात आली' असंही लिहिता येतं आणि 'झाडांची कत्तल' असंही. पहिल्यात माणूसच नाही. झाड म्हणजे जणू फुटपाथवरची हातगाडी, उचलली आणि नेली. दुसऱ्यात खाटीक उभा राहतो, आणि वाचकाने मत बनवण्याआधीच लेखकाने निकाल दिलेला असतो. 'मेट्रोच्या कंत्राटदाराने रात्री झाडे तोडली' हे सरळ वाक्य दोघांनाही नको असतं.

खुद्द न्यायालयात तर भांडण एका नामावर होतं: आरे हे 'जंगल' आहे का?

(दृश्य: पुन्हा दादर. फलाटावर गर्दी, छत्र्या मिटलेल्या.)

लोकल उशिरा आहे. कर्ण्यातून दिलगिरी येते, आणि तीत चक्क 'आम्ही' आहे. सकाळपासून ऐकलेल्या वाक्यांत पहिल्यांदाच कुणीतरी 'आम्ही' म्हणालं. फलाटावर मात्र कोणी मान वर करत नाही. इंडिकेटरवर अजून बारा मिनिटं.