चांदी यायच्या आधीच गहाण: स्पेनच्या हाब्सबर्ग राजवटीची दीडशे-दोनशे वर्षं

मंडळी, मी सोबत एक नाणं आणलंय. पुढच्या रांगेपासून ते हातोहात मागे जाऊ द्या. नाणं अस्सल नाही, नक्कल आहे, पण वजन बरोबर आहे: सुमारे 27 ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडं जास्त. कडा वेड्यावाकड्या आहेत, कारण ही नाणी हातोड्याने ठोकून पाडत. एका बाजूला क्रूस आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांत आळीपाळीने किल्ला आणि सिंह. किल्ला कॅस्टीलचा, सिंह लेऑनचा. दुसऱ्या बाजूला हाब्सबर्ग घराण्याची ढाल, आणि तिच्याशेजारी ‘पी’ हे बारीकसं अक्षर. ते पोतोसीच्या टांकसाळीचं. हे आठ रियालचं नाणं. इंग्रज आणि डच कंपन्यांची जहाजं या नाण्यांच्या पेट्या सुरतेला आणत आणि तिथल्या टांकसाळीत ती वितळवून त्यांचे रुपये पडत. शिवकाळात आपल्याकडे जो रुपया फिरत होता, त्यातली काही चांदी दक्षिण अमेरिकेतल्या त्या डोंगरातून निघालेली असणार.

त्या डोंगराबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय. आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटर उंचीवर, 1545 साली तिथे चांदीची शीर सापडली. वरची श्रीमंत माती पहिल्या पंचवीस वर्षांत संपली. मग पारा वापरून हलक्या खनिजातूनही चांदी काढायची रीत आली, आणि पारा पेरूतच, वांकावेलिकाच्या खाणीत मिळाला. कमी होती ती माणसांची. 1573 मध्ये व्हाइसरॉय तोलेदो याने इंका राजांच्या काळातली वेठीची जुनी पद्धत उचलून कायद्यात बसवली. नाव तेच ठेवलं, मीता. सोळा प्रांतांनी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दर वर्षी पोतोसीला पाठवायचा. म्हणजे वर्षाला साधारण साडेतेरा हजार माणसं. बायकामुलं आणि शिधा लादलेले लामा सोबत घेऊन ती महिना-दोन महिने चालत येत. खाणीत कातड्याच्या शिड्या होत्या. पाठीवर खनिजाचं गाठोडं बांधायचं, अंगठ्याला मेणबत्ती बांधायची आणि त्या उजेडात शेकडो हात वर चढायचं. हातातलं नाणं बघताना तो अंगठा डोळ्यांसमोर ठेवा, एवढीच माझी विनंती.

आता स्पेनकडे येऊ. 1469 मध्ये कॅस्टीलची इसाबेला आणि आरागॉनचा फर्डिनंड यांचं लग्न झालं. 1492 मध्ये तिथलं मुसलमानांचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं, त्याच वर्षी ज्यूंना देशाबाहेर काढलं आणि त्याच वर्षी कोलंबस निघाला. हे सगळं आपण शाळेत शिकलोय, त्यामुळे तिथे थांबत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ‘स्पेन’ नावाचं एक राज्य तेव्हा नव्हतंच. राजा एक आणि राज्यं अनेक, असा तो कारभार होता. कॅस्टीलचे कायदे वेगळे, आरागॉनचे वेगळे, कॅटलोनियाचे आणखी वेगळे. इसाबेला-फर्डिनंडचा नातू चार्ल्स याला वारसाहक्काने नेदरलँड्स, नेपल्स, सिसिली, हे सगळं मिळालं, आणि 1519 मध्ये तो जर्मन साम्राज्याचा सम्राटही निवडून आला. यातल्या बहुतेक प्रदेशांत राजाला हवा तसा कर बसवता येत नव्हता. तो भार मुख्यतः कॅस्टीलच्या माथ्यावर आला. 1520 मध्ये कॅस्टीलच्या शहरांनी त्याविरुद्ध बंड केलं, पण वर्षभरात ते मोडून काढलं गेलं. त्यानंतर तिथे नाही म्हणणारं फारसं कुणी उरलं नाही.

चार्ल्सचा मुलगा फिलिप दुसरा. 1556 ते 1598, बेचाळीस वर्षं त्याने राज्य केलं. माद्रिदजवळ एस्कोरियल बांधलं: राजवाडा, मठ आणि घराण्याची दफनभूमी एकाच छताखाली. तिथे बसून तो जगभरचे कागद स्वतः वाचायचा, समासात शेरे लिहायचा, कारकुनांचं शुद्धलेखनही सुधारायचा. मला हा राजा क्रूर किंवा मूर्ख वाटत नाही. तो अतिशय कष्टाळू होता आणि आपल्या धर्मावर त्याची जिवापाड श्रद्धा होती. पाखंड्यांवर राज्य करण्यापेक्षा राज्य गमावलेलं बरं, असं त्याने लिहून कळवलं होतं आणि तो तसाच वागला. कर्ज-व्याजाचं प्रकरण मात्र आपल्या डोक्यात कधी शिरलं नाही, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. आणि सगळा खेळ तर त्याच प्रकरणाचा होता.

तो खेळ असा. नेदरलँड्समधल्या प्रोटेस्टंट बंडाशी लढणारं राजाचं सैन्य फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला. शिपायांना दर महिन्याला रोख पगार हवा. चांदीचा ताफा सेव्हिलला येणार वर्षातून एकदा, तोही वादळातून आणि चाच्यांतून वाचला तर. मग जिनोआचे सावकार पुढे होत. ते अँटवर्पमध्ये आज सोनं मोजून देत, आणि राजा लिहून देई की पुढच्या ताफ्यातून तुमचं मुद्दल आणि व्याज वळतं करा. म्हणजे चांदी अजून डोंगराच्या पोटात असतानाच गहाण पडलेली. देणं अंगावर आलं की राजा हात वर करी आणि सावकारांच्या गळ्यात लांब मुदतीचे रोखे मारी. त्या रोख्यांचं व्याज कुठून? कॅस्टीलच्या करांतून. 1557, 1575, 1596: एकट्या फिलिपच्या काळात तीनदा मोठं दिवाळं निघालं. आपण समजतो की स्पेन अमेरिकेच्या चांदीवर जगला. पण फिलिपच्या काळात तिजोरीत येणाऱ्या पैशांत त्या चांदीचा वाटा पाचवा-चौथा हिस्साच होता. बाकीचं ओझं खेड्यातला शेतकरी आणि शहरातला कारागीर वाहत होता. 1590 पासून तर ‘मिलियोनेस’ नावाचा नवा कर आला आणि तो लवकरच मांस, दारू, तेल, व्हिनेगर अशा रोजच्या जिनसांवर बसला.

दिवाळं निघणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते अँटवर्पने पाहिलं. सप्टेंबर 1575 मध्ये राजाने देणी थांबवली. सावकारांनी फ्लँडर्सच्या हुंड्या बंद केल्या. शिपायांचे पगार आधीच थकलेले होते. 4 नोव्हेंबर 1576 ला बंडखोर स्पॅनिश पलटणी अँटवर्पमध्ये घुसल्या. युरोपातली त्या काळची सर्वांत श्रीमंत पेठ ती. तीन दिवस लूट, जाळपोळ आणि कत्तल चालली, हजारो माणसं मेली, नवं कोरं नगरभवन जळालं. चारच दिवसांत, 8 नोव्हेंबरला, नेदरलँड्सच्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रांतांनी गेंट इथे एकत्र येऊन करार केला: स्पॅनिश सैन्य देशाबाहेर गेलं पाहिजे. ज्या कॅथलिक प्रजेच्या रक्षणासाठी राजा लढत होता, तीच त्याच्याविरुद्ध उभी राहिली. शत्रूने हे केलं नाही, पगार न मिळालेल्या त्याच्याच शिपायांनी केलं. अनेक जण या सत्तेचा उतार 1588 मध्ये इंग्लंडवर पाठवलेल्या आरमाराच्या पराभवापासून मोजतात. मी त्या तीन दिवसांपासून मोजतो.

बाहेरून मात्र हा काळ भरभराटीचा दिसतो. 1580 मध्ये पोर्तुगालचं सिंहासन रिकामं झालं आणि आईकडून नातं असलेल्या फिलिपने ते मिळवलं. त्यानंतर साठ वर्षं गोवा, चौल, वसई, मुंबई, दमण, दीव इथला राजा माद्रिदमध्ये बसत होता. गोव्याचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहील, असं त्याने वचन दिलं होतं आणि ते बहुतांशी पाळलंही. पण राजाबरोबर राजाचे शत्रूही आले. डचांचं, म्हणजे नेदरलँड्सच्या बंडखोर उत्तर प्रांतांचं, भांडण फिलिपशी होतं, आता त्यांना पोर्तुगीज जहाजंही हक्काची शिकार झाली. 1636 पासून काही वर्षं डच आरमार हंगामाच्या हंगाम गोव्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसत होतं. मलाक्का 1641 मध्ये गेलं, कोलंबो 1656 मध्ये, कोची 1663 मध्ये. फ्लँडर्सच्या चिखलात पेटलेली लढाई मांडवीच्या मुखाशी येऊन पोचली होती.

घरात काय चाललं होतं? 1596 नंतरच्या प्लेगने कॅस्टीलमध्ये लाखो माणसं नेली. 1609 ते 1614 या काळात तिसऱ्या फिलिपने मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले जुने मुसलमान, सुमारे तीन लाख, देशाबाहेर काढले. व्हॅलेन्सियात पाटाच्या पाण्यावर शेती करणारे हेच हात होते. गावंच्या गावं ओस पडली. या निर्णयाचं समर्थन मला कुठल्याच बाजूने करता येत नाही. तो अन्याय होता आणि नुकसानही होतं. हे सगळं त्या काळच्या लोकांना दिसत नव्हतं असं नाही. मार्तिन गोन्सालेस दे सेयोरिगो नावाच्या वकिलाने 1600 मध्येच लिहिलं की स्पेन श्रीमंत नाही याचं कारण त्याची श्रीमंतीच आहे. लोक शेत आणि माग सोडून रोख्यांच्या व्याजावर जगू लागले होते, हे त्याचं म्हणणं. स्पॅनिश माणूस मुळात आळशी, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. मागावर कर आणि रोख्यावर बसल्या जागी व्याज असेल, तर माणूस कुठे पैसा घालेल?

चौथ्या फिलिपचा मंत्री ओलिव्हारेस याने दुखणं ओळखलं होतं. ओझं एकट्या कॅस्टीलने का वाहायचं, सगळ्या राज्यांनी मिळून 1,40,000 सैनिकांची राखीव फौज उभी करू, अशी योजना त्याने 1626 मध्ये मांडली. योजना न्याय्य होती, पण शंभर वर्षं उशिरा आली होती आणि तीही ऐन युद्धात. कॅटलोनियाच्या शेतकऱ्यांच्या घरांत सैन्य उतरवलं गेलं. जून 1640 मध्ये कापणीसाठी बार्सिलोनात आलेल्या मजुरांनी दंगा केला आणि व्हाइसरॉयलाच ठार मारलं. 1 डिसेंबरला लिस्बनही फुटलं आणि ब्रागांझाचा ड्यूक पोर्तुगालचा राजा झाला.

या फुटीला आपल्या मुंबईचा धागा जोडलेला आहे. स्पेन पोर्तुगालला सोडायला तयार नव्हता. एकट्या पोर्तुगालला निभाव लागणं कठीण, म्हणून ब्रागांझांनी इंग्लंडची मदत विकत घेतली. 1661 च्या विवाहकरारात राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबई बेट दिलं गेलं, आणि बदल्यात इंग्रज शिपाई पोर्तुगालच्या बाजूने स्पेनशी लढायला उतरले. ‘मुंबई आंदण दिली’ हे आपण किती सहज म्हणतो! ती त्या युद्धाची किंमत होती. 1668 मध्ये माद्रिदने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाने मुंबई वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीकडे सोपवली.

माद्रिदमध्ये तेव्हा दुसरा कार्लोस गादीवर होता, सहा-सात वर्षांचं आजारी मूल. त्याचे आईवडील एकमेकांचे भाची आणि मामा. घराणं पिढ्यानपिढ्या आपसांतच लग्नं करत आलं होतं, आणि ते त्याच्या शरीरावर दिसत होतं. त्याची टिंगल करणाऱ्या चित्रांची मला नेहमी चीड येते. बिचाऱ्याच्या वाट्याला आलेलं कर्ज त्याच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीचं होतं. त्याला मूल झालं नाही. मरण्याआधी महिनाभर, ऑक्टोबर 1700 मध्ये, त्याने मृत्युपत्रावर सही केली. सगळं राज्य त्याने फ्रान्सच्या राजाच्या नातवाला, म्हणजे घराण्याच्या जुन्या वैऱ्याच्या घरात दिलं. अट एकच: तुकडे करायचे नाहीत. पुढे तेरा-चौदा वर्षं युद्ध चाललं. शेवटी नेदरलँड्स, मिलान आणि नेपल्स ऑस्ट्रियाकडे गेले, सिसिली सव्हॉयच्या ड्यूककडे, मिनोर्का आणि जिब्राल्टर इंग्रजांकडे. जिब्राल्टर आजही त्यांच्याच ताब्यात आहे.

नाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं असेल, तर आता ते परत पुढे पाठवा.