जिभेवरची गाठ

[पहाट. पारसिकचा डोंगर, खाली रुळांवरून जाणारी लोकल]

मुंब्र्याची सकाळ फजरच्या अजानने सुरू होते आणि थोड्याच वेळात गाड्यांच्या धडधडाटात बुडून जाते. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती. त्यांतल्याच एका इमारतीत, रुळांकडे खिडकी असलेल्या घरात, ८ वर्षांचा एक मुलगा आई, अब्बा आणि नानी यांच्यासोबत राहतो. कुटुंब मूळचे दापोली तालुक्यातले. घरात कोकणी बोलली जाते, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी. या तिन्ही भाषांत त्याला सर्वांत अवघड जाणारा शब्द एकच आहे, आणि तो म्हणजे त्याचे स्वतःचे नाव. ते नाव आम्ही या माहितीपटात घेतलेले नाही.

[मुलगा खिडकीत, चेहरा जवळून]

बोलताना अडखळणे सुरू झाले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. बहुतेक मुलांत ते २ ते ५ वर्षांच्या दरम्यानच सुरू होते. सुमारे ५ टक्के मुले या टप्प्यातून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. याचे थांबले नाही. कधी पहिलेच अक्षर पुन्हा पुन्हा येते, कधी ते लांबत जाते, आणि कधी ओठ मिटतात, डोळे घट्ट बंद होतात आणि आवाजच फुटत नाही. याचे मूळ मेंदूतील बोलण्याच्या जुळणीत आणि काही अंशी आनुवंशिकतेत आहे. मुलाचा स्वभाव, आईचा एखादा धाक किंवा घरातल्या तीन भाषा यांमुळे तोतरेपणा जडत नाही, तरीही नात्यातल्या माणसांनी ही तिन्ही कारणे आईला ऐकवलेली आहेत. वेखंड उगाळून जिभेला लावून झाले. नानीने दुआ पढून पाण्यावर दम केला, म्हणजे फुंकर घातली. ते पाणी तो आजही पितो आणि त्याला कोणाचीच हरकत नाही.

[वांद्रे रेक्लमेशन, रस्त्यावरून चालणारे मायलेक]

मुंब्र्याहून दादर, तिथे गाडी बदलून वांद्रे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली, अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. आई त्याला तिथे घेऊन गेली ती जीभ दुरुस्त करून मिळेल या अपेक्षेने. परतताना मात्र गृहपाठ तिलाच मिळाला होता. त्याचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही. ‘सावकाश बोल’, ‘आधी श्वास घे’ असे सांगायचे नाही. तो अडला तरी नजर वळवायची नाही. आपण स्वतः संथ बोलायचे, आणि रोज थोडा वेळ असा ठेवायचा की त्यात कोणी मध्ये तोंड घालणार नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण चुलीवर तवा तापलेला असताना आणि अब्बांची कामावर जायची वेळ झालेली असताना एका ‘क’साठी थांबून राहणे म्हणजे काय, ते या घराला विचारावे.

[मदरसा. रेहलवर (लाकडी घडीच्या स्टँडवर) उघडे मुसहफ (कुरआनाची प्रत), डोलणारी मुले]

असर आणि मगरिब, म्हणजे दुपारनंतरची आणि सूर्यास्ताची नमाज, यांच्या मधल्या वेळेतला हा मदरसा. सगळी मुले एका सुरात पढत आहेत, आणि दुसऱ्या रांगेतला आपला मुलगाही त्यांच्यासोबत कुठेही न अडता पढतो आहे. तोतरे बोलणारी माणसे इतरांच्या सोबतीने म्हणताना किंवा गाताना सहसा अडखळत नाहीत, हे वाचातज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. त्यात तिलावतीची, म्हणजे कुरआन पठणाची, रीतही त्याला मानवते. कुरआन ठहरून, तरतीलने पढावा, असे सूरह मुज्जम्मिलमध्येच सांगितले आहे; मद्द आला की स्वर लांबवायचा, वक्फ आला की थांबायचे. जिथे थांबणे हा नियमच आहे, तिथे थांबणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. अर्थात, हा उपचार नव्हे. एकट्याने सबक, म्हणजे दिलेला पाठ, सुनवायची वेळ आली की तो इथेही अडतो.

अशा एका दिवशी उस्तादांनी छडी बाजूला ठेवली आणि त्याला पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्याकडून आलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, सांगितली: कुरआन पढताना जो अडखळतो, ज्याला ते जड जाते आणि तरीही जो पढतो, त्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य, आहे. त्या दिवसापासून त्याने सबक चुकवलेला नाही.

[नानी, हातात तस्बीह (जपमाळ), मुलगा मांडीवर]

नानीची गोष्ट पैगंबर मूसा अलैहिस्सलाम यांची आहे. मिसरचा जुलमी बादशहा फिरऔन याच्याकडे जाण्याचा अल्लाहचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी मागितले, ‘रब्बिश्रह ली सद्री’. माझी छाती मोकळी कर, माझे काम सोपे कर आणि माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल. सूरह ताहामधली ही दुआ कितीतरी घरांत मुलांना परीक्षेच्या सकाळी पढायला लावतात, पण या घरात तिचा अर्थ जरा निराळा लागतो. काही तफसीरकारांच्या, म्हणजे कुरआनाच्या भाष्यकारांच्या, मते मूसांनी जीभ पूर्ण मोकळी करून मागितलीच नव्हती. बोलणे समजावे, एवढ्यापुरतीच गाठ सुटावी, इतकेच त्यांचे मागणे होते. शिवाय त्यांनी सोबतीला भाऊ हारून यांना मागून घेतले. फिरऔनने त्यांच्या बोलण्याला हिणवले, तेही कुरआनात आहे. या घरात ‘सब्र’, म्हणजे धीर, हा शब्द मुलाला उद्देशून फारसा वापरला जात नाही. तो मोठ्यांसाठी आहे, आणि आम्हाला तेच बरोबर वाटते.

शाळेत आम्हाला चित्रीकरण करता आले नाही. तिथे त्याला ‘हकला’ म्हणतात, आणि तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही त्याने ‘येत नाही’ म्हणून सांगितले होते.

[संध्याकाळ. परातीत तांदळाचे पीठ, आईचे हात]

आईने ठरवलेला रोजचा वेळ हा आहे. ती भाकऱ्या थापते आणि तो बोलतो. आज खिडकीतून एक लांब पल्ल्याची गाडी गेली आणि तिचे डबे त्याने मोजले आहेत. किती होते, हे घरात त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. पहिल्याच अक्षराला त्याचे ओठ मिटतात. आई तव्याखालचा गॅस बारीक करते आणि त्याच्याकडे पाहत राहते.

[यापुढील ११ सेकंद निवेदन नाही. दृश्य कापू नये.]

‘बावीस.’