उपोषणाला बसलेली अभिनेत्री

मित्रहो, शबाना आझमींची ओळख करून देताना क्रम ठरलेला असतो. आधी 'अंकुर', मग पाच राष्ट्रीय पुरस्कार, मग राज्यसभा, आणि अगदी शेवटी 'सामाजिक कार्यातही त्यांचा सहभाग आहे' हे एक वाक्य. हा क्रम मला मान्य नाही. त्यांच्या भूमिकांनीच त्यांना झोपडपट्टीत नेलं आणि तिथे टिकवून ठेवलं, असं माझं मत आहे. म्हणून मी सुरुवात १९८६ सालापासून करते.

त्या वर्षी मे महिन्यात मृणाल सेन यांचा 'जेनेसिस' कान महोत्सवाच्या स्पर्धाविभागात होता. शबाना त्यातली मुख्य अभिनेत्री. कुठलाही कलावंत अशा निमंत्रणाची आयुष्यभर वाट पाहतो. त्या कानला गेल्या नाहीत, मुंबईत उपोषणाला बसल्या. नरिमन पॉइंटच्या परिसरातली संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली होती आणि तिथली कुटुंबं उघड्यावर आली होती.

हे एकाएकी घडलं नव्हतं. १९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर काढण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरची काही माणसं कोर्टात गेली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच निकालानं पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला मोकळीकही दिली. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना तरी पर्यायी जागेचा आधार होता. बाकीच्यांच्या हातात काय? हक्क कागदावर आला आणि बुलडोझर दारात आला, असे ते दिवस होते.

निवारा हक्काची चळवळ या काळातली. माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि वस्तीतली माणसं उपोषणाला बसली, त्यांच्याबरोबर शबाना बसल्या. पाच दिवस. घरी आई, शौकत आझमी, काळजीत. वडील कैफी आझमी तेव्हा पाटण्यात होते. त्यांनी तार पाठवली, तिचा मजकूर शबानांनी नंतर अनेकदा सांगितला आहे: 'बेस्ट ऑफ लक, कॉम्रेड.' बापानं लेकीला दिलेला याहून मोठा मान मला तरी ठाऊक नाही. अखेर त्या कुटुंबांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. गोरेगाव म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. दक्षिण मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या बाईला हे अंतर काय पडतं, हे वेगळं सांगायला नको. तरी डोक्यावरचं छप्पर मान्य करून घेतलं, हे खरं.

आता कोणी म्हणेल, कम्युनिस्ट कवीची मुलगी, पक्षाच्या कम्यूनमध्ये वाढलेली, आई 'इप्टा' या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेची आणि पृथ्वी थिएटरची नटी. ती चळवळीत जाणारच. मला हे पुरेसं वाटत नाही. अशा घरांत वाढलेली कितीतरी मुलं पुढे स्वस्थ बसली. मला वाटतं, भूमिकांनी तिला स्वस्थ बसू दिलं नाही.

१९७४च्या 'अंकुर'मधली लक्ष्मी आठवा. तेलंगणातली, जमीनदाराच्या घरी राबणारी दलित बाई. मुंबईत झेवियर्सला शिकलेल्या, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या मुलीनं ती उभी केली आणि पहिल्याच मोठ्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अशी बाई उभी करायची तर ती बसते कशी, मालकापुढे नजर कुठे ठेवते, राग कुठे गिळते, हे अंगात मुरवावं लागतं. दहा वर्षांनी गौतम घोष यांच्या 'पार'मध्ये शबाना एका भूमिहीन मजुराची गरोदर बायको झाल्या. बिहारमधलं गाव सोडून कलकत्त्याला आलेलं ते जोडपं पोटासाठी डुकरांचा कळप घेऊन नदी पार करतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना ते पाण्यातले हाल आठवत असतील. गावातून हाकललेलं आणि शहरानं न घेतलेलं ते कुटुंब, आणि दोन वर्षांनी संजय गांधी नगर. मला यात योगायोग दिसत नाही.

मधला 'अर्थ' १९८२चा. नवरा दुसरीकडे गेलेली पूजा, आणि तो परत आल्यावर त्याला शांतपणे नाही म्हणणारीही पूजा. या सिनेमानंतर बायका आपल्याकडे चाहत्या म्हणून यायच्या थांबल्या, आपली अडचण घेऊन यायला लागल्या, असं शबाना सांगतात. पडद्यावर दाखवलेल्या धैर्याचं उत्तरदायित्व असं दारात येऊन उभं राहतं. तेव्हा 'मी फक्त नटी आहे' म्हणता येतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

'अर्थ'मध्येच त्यांच्यासमोर स्मिता पाटील होती. आपली स्मिता. पुण्यात जन्मलेली, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली. 'उंबरठा'तली सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडते, तेव्हा मराठी घराघरांत त्यावर वाद झाले. तिनं संसार मोडला की संसारानं तिला बाहेर काढलं? सुलभेला इतक्या निश्चयानं चालवणारी स्मिता मुंबईतल्या विमेन्स सेंटरच्या कामातही होती. १९८६च्या डिसेंबरात, अवघ्या ३१व्या वर्षी, ती गेली. दोघींची तुलना मी करणार नाही. एकीला काळच मिळाला नाही.

नट्या चळवळीत प्रसिद्धीसाठी येतात, हा आरोप मी पुष्कळ ऐकला आहे, कार्यकर्त्यांच्या तोंडूनही. तो गांभीर्यानंच घ्यायला हवा, कारण एका दिवसाचा फोटो काढून जाणारे असतातच. प्रसिद्ध चेहरा आला की कॅमेरे येतात, पोलिसांचा हात जरा आवरतो, मंत्र्यांची भेट मिळते. हे फायदे खरे आहेत आणि तितकेच तात्पुरते आहेत. पुढचं काम संघटनेचं. कोणाचं रेशनकार्ड आहे, कोणाचं नाव मतदारयादीत आहे, कोणाचा फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, पाडापाडीत हरवला, याच्या याद्या करायच्या, कोर्टाच्या तारखा सांभाळायच्या. निवारा हक्कच्या कामात वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्यासारखी माणसं ठाण मांडून होती, आणि शबानाही टिकून राहिल्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून हटवलेल्या हजारो कुटुंबांचं चांदिवलीला पुनर्वसन झालं, ते संघर्ष नगर याच चिकाटीतून उभं राहिलं. प्रसिद्धीसाठी कोणी इतकी वर्षं पुनर्वसनाच्या फायलींमागे लागत नाही.

आणि किंमतही मोजावी लागते. जानेवारी १९८९मध्ये साहिबाबादला पथनाट्य सुरू असताना डाव्या चळवळीतले रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि ते गेले. त्याच महिन्यात दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शबानांनी मंचावरून सरकारसमोर या हत्येचा निषेध वाचून दाखवला. त्याच वर्षी जातीय सलोख्यासाठी दिल्ली ते मेरठ पदयात्रा. मेरठची दंगल होऊन दोनच वर्षं झाली होती. १९९८मध्ये, दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या त्यांच्या 'फायर' या सिनेमाच्या खेळांवर हल्ले झाले. २००० साली 'वॉटर' या सिनेमातल्या विधवेच्या भूमिकेसाठी त्यांनी मुंडण केलं, आणि वाराणसीत सेट उद्ध्वस्त करून ते चित्रीकरण बंद पाडलं गेलं. काही वर्षांनी तो सिनेमा झाला, दुसऱ्या नटसंचात. अभिनेत्रीच्या दृष्टीनं भूमिका हातची जाणं ही लहान गोष्ट नाही.

शेवटी मिजवांबद्दल सांगते. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातलं हे कैफींचं गाव. म्हातारपणी, पक्षाघातानं अधू झालेले कैफी तिथे राहायला गेले आणि शाळेसाठी, रस्त्यासाठी खटपट करत राहिले. २००२ साली ते गेल्यावर हे काम शबानांनी हाती घेतलं. तिथे मुलींची शाळा चालते, आणि चिकनकारीचं केंद्र आहे, जिथे गावातल्या बायका भरतकाम करून स्वतःचे पैसे कमावतात. त्या कामाला बाजार मिळावा म्हणून शबानांनी मुंबईच्या फॅशन शोमध्ये नट्यांना मिजवांचे कपडे घालून चालायला लावलं. काहींना हे विसंगत वाटतं, मला मुळीच वाटत नाही. ओळखी आहेत, झगमगाट आहे, तर त्याची मिळकत भरतकाम करणाऱ्या बाईच्या हातात का जाऊ नये?