पकड वाढली, बटण तसंच

थेरपी घेणाऱ्या एका रुग्णाचा हा हात बघा. हातात डायनामोमीटर आहे, म्हणजे पकडीची ताकद मोजायचं यंत्र, दाबलं की किलोत आकडा येतो. गेल्या महिन्यापेक्षा आकडा चांगलाच वर गेलाय, थेरपिस्ट खूश, फाइलमध्ये 'सुधारणा' लिहून पण झालं. आता नजर जरा वर घ्या. शर्टाचं दुसरं बटण उघडंच आहे. कारण बटणाला ताकद फारशी लागतच नाही, लागतो तो अंगठा आणि बोटाचा मेळ, काजात बटण कुठवर गेलंय ते न बघता कळणं, आणि हो, घरचे घाई करत नसतील तर बरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आयसीएफ, म्हणजे माणसाचं आरोग्य, कार्यक्षमता आणि अपंगत्व यांच्या वर्गीकरणात हा फरक स्पष्ट मांडलाय. शरीराचं काम वेगळं, माणसाची कृती वेगळी, चार लोकांत मिसळणं वेगळं. चाचणीच्या खोलीत जमतं ते आणि रोज खरंच केलं जातं ते, हेही वेगळंच.

या दोन्हींना जोडणारा धागा कधीकधी सापडतो. स्ट्रोकनंतर चालण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली असेल तर माणूस बहुतेक घरातल्या घरातच फिरतो, ०.८ च्या वर गेला की बाहेर मोकळेपणानं वावरतो, असं १९९५ च्या एका अभ्यासात दिसलं आणि हे आकडे आजही वापरतात. हाताचं मात्र अवघड आहे. मनगटाला सेन्सर बांधून बघितलं तर दवाखान्यात स्कोअर वाढलेल्या कित्येकांचा घरी हात तेवढाच चालत होता. त्यातही सेन्सरला फक्त हालचाल कळते, हात काम करतोय की चालताना नुसता हलतोय ते नाही.

मग हाताच्या बाबतीत हा धागा शोधायचा कसा, तर त्याच माणसांच्या घरी महिनोनमहिने जायचं, काहीजण मधेच सोडतात, म्हणून आधीच जास्त लोक घ्यायचे, आणि हे सगळं पैशाशिवाय होत नाही. टेबलावर बसून सांध्यांचे कोन आणि किलो मोजणं स्वस्त, पटकन उरकतं, तक्ते पण छान दिसतात, त्यामुळे संशोधनाचं फंडिंग तिकडे वळलं तर नवल नाही. माझ्या मते ग्रँटच्या फॉर्मवर पहिला प्रश्न हाच हवा, की हे माप वाढल्यावर माणसाच्या दिवसात काय बदलेल, ते कोण आणि किती दिवस बघणार?

तो शर्ट? तो आता कपाटात आहे. सध्या टी-शर्ट चालतो. 'कपडे स्वतः घालतो' यावर टिक आली आणि डायनामोमीटरचा आकडा मात्र त्यानंतर जिथल्या तिथेच.