फॅरलॉनचा दिवा

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट या सामुद्रधुनीतून बाहेर पडून पश्चिमेला निघालात, की साधारण 45 किलोमीटरवर दातेरी खडक दिसू लागतात. ही फॅरलॉन बेटं. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या टेकडीवर एक जुनं दीपगृह आहे. ते जवळून मात्र बघता येत नाही. पर्यटकांना बेटावर पाऊल ठेवायची मनाई आहे. बोटीतून, लांबूनच काय ते बघायचं. ही मनाई मला मनापासून पटते, आणि का पटते तेच आज सांगायचं आहे.

1849 च्या सुमारास सोन्याच्या ओढीनं जगभरची जहाजं सॅन फ्रान्सिस्कोकडे धावत होती. तिथलं धुकं म्हणजे भिंतच. दिवा हवाच होता. मजुरांनी बेटावरचाच दगड फोडला, विटा पाठीवर घेऊन जवळपास 100 मीटरची चढण चढले. शेवटी ते अडून बसले, तेव्हा कुठे एक खेचर आलं. मनोरा झाला, फ्रान्सहून दिव्याचा उजेड दूरवर फेकणारं भलंमोठं फ्रेनेल भिंग आलं, आणि ते मनोऱ्यात मावेना! मग तो पाडून पुन्हा बांधला, 1855 मध्ये.

पण त्याच खडकांवर आणखी एक धंदा आधीच जोरात होता, अंड्यांचा. शहरात कोंबड्या कमी, खाणारी तोंडं अफाट. बेटावर मर नावाचे काळे-पांढरे समुद्रपक्षी लाखोंनी येत. पेंग्विनसारखे ताठ उभे राहतात, पण उडतात. घरटं नाही, उघड्या खडकावर एकच अंडं. हिरवट-निळसर, वर शाई सांडल्यासारख्या रेघोट्या, आकार पेरूसारखा निमुळता.

अंडी गोळा करणारे हंगामाच्या सुरुवातीला काय करायचे? दिसेल ते प्रत्येक अंडं पायाखाली फोडायचे. म्हणजे उद्या सापडेल ते ताजंच. मग सैल सदऱ्यात अंडी भरून कडे उतरायचे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. 1863 मध्ये या अंड्यांच्या मालकीवरून बंदुका चालल्या, दोन माणसं मेली. 1881 मध्ये सैनिकांनी अंडी गोळा करणाऱ्या कंपनीला हुसकावलं, तरी विक्री थांबली नाही. दीपगृहाचे रखवालदारही त्यात होते. 1896 च्या अखेरीस त्यांनाही बंदी झाली. तोवर फार उशीर झाला होता. पुढे जहाजांच्या तेलानंही पक्षी मेले, आणि लाखांचे काही हजार उरले.

उत्तरेकडची बेटं 1909 मध्ये अभयारण्य झाली, दीपगृहाचं बेट 1969 मध्ये. लोक विचारतात, दोन-चार माणसं हळूच जाऊन आली तर काय बिघडतं? बिघडतं. माणूस जवळ आला की थवा एकदम उडतो. अंडं उघडं पडतं, आणि शेजारीच टपलेले कुरव पक्षी ते उचलतात. जोडीचं एकुलतं एक अंडं असतं ते.

1972 मध्ये दिवा स्वयंचलित झाला. भिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात आहे, ते जरूर बघा. मनोऱ्याच्या माथ्यावरची काचेची खोलीही गेली. बेटावर बोट लावायला धक्का नाही. मोजक्या संशोधकांना बोटीतून क्रेननं वर उचलून घेतात. ते रखवालदारांच्याच जुन्या घरांत राहतात आणि लपणीत बसून पक्षी मोजतात. मर पुन्हा लाखोंनी येऊ लागले आहेत.