ऑपरेशन कुणाचं?

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा, सकाळची वेळ)

"ऑपरेशन झालं का गं?"

गावाकडे हा प्रश्न बाईलाच विचारतात, आणि कसलं ऑपरेशन ते सांगावं लागत नाही. अपेंडिक्सचं असेल तर तसं मुद्दाम म्हणावं लागतं. पुढचा प्रश्न एवढाच, टाक्याचं की दुर्बिणीचं?

२१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदी पंधरवडा. भिंतीवर नवं पोस्टर लागलंय. त्याखालच्या बाकावर मात्र सगळ्या बायकाच बसल्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. जिच्या नवऱ्याची झालीय अशा ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन.

बाईच्या ऑपरेशनला पोटावर छेद घ्यावा लागतो. दुर्बिणीनं करायचं तरी पोटात हवा भरावी लागते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्यामानाने किरकोळ. बधिर करणारं इंजेक्शन, अंडकोषाच्या पिशवीला एक बारीक छिद्र, त्यातून एकेक वीर्यवाहिनी बाहेर घेऊन कापायची, बांधायची, परत आत सोडायची. टाका नाही. साधारण वीस मिनिटांचं काम. थोडा वेळ आडवं पडायचं, की घरी. चीनमधल्या डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये ही पद्धत काढली. तिलाही आता पन्नाशी उलटली.

मग अडतंय कुठं?

(दृश्य: पार, दुपार)

"ताकद जाते हो." "पोतं उचलणार कसं?" "लोक हसतात."

ताकद, दाढी-मिशी, इच्छा, हे सगळं ज्या हार्मोनवर चालतं ते रक्तातून फिरतं. कापलेल्या नळीतून जायचे ते फक्त शुक्राणू. आणि पोत्याचं म्हणाल, तर टाक्यांच्या ऑपरेशननंतर घरच्या बाईच्या कमरेवर हंडा कितव्या दिवशी आला, हे पारावर एकालाही सांगता आलं नाही.

भीतीचं एक कारण मात्र खरं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, कितीतरी जणांची बळजबरीने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा टळला. पुढे सरकारांनी धसका घेतला आणि सगळी मोहीम बायकांकडे वळवली. ती अजून तिकडेच आहे. पण आजोबांवर झालेली जबरदस्ती नातवाने किती दिवस ढाल म्हणून पुढे धरायची?

(दृश्य: पुन्हा आरोग्य केंद्र. पाठमोरा माणूस, पायात चिखलाच्या चपला)

आशाताई आज एकाला घेऊन आल्यात. चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच त्याची अट. दोन लेकरं, दोन्ही वेळा बायकोचं सिझर.

"दोनदा पोट फाडलंय ताई तिचं. आता तिसऱ्यांदा नको."

घरी माहीत आहे का?

"बायकोला माहितीय. आईला सांगितलंय, दाढ काढायला चाललोय."

आत जाताना तो मोबाइल आशाताईंच्या हातात देतो. आतून डॉक्टरांचा आवाज येतो, मग एकदा त्याचं "आई गं", आणि लगेच कुणाचं तरी हसणं. बाहेर येतो तेव्हा पाय जरा फाकलेले. पहिला प्रश्न, "मोटारसायकल चालवू का?"

"आज नाही, दादा. दोन दिवस आराम. आठवडाभर जड काही उचलायचं नाही. आणि ऐका, आजपासून लगेच मोकळे झालात असं समजू नका. तीन महिन्यांनी तपासणी, ती नीट आली की मग. तोवर निरोध."

आशाताई पिशवीतून पाकिटं काढतात. तो इकडेतिकडे बघून खिशात कोंबतो. घरापर्यंत त्याला मागे बसवून मेहुणा नेतो.

(दृश्य: संध्याकाळ, चूल)

आईने दाढेसाठी मऊ भात करून ठेवलाय.